हस्ते भाऊ

इन्व्हर्टरनं मान टाकली तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. अभ्यासिकेत एकदम चाळीस मोबाइलचे टॉर्च लागले आणि मला सांगण्यात आलं, "खाली जाऊन बापूरावांकडून मेणबत्त्या आण." मलाच, कारण मी परीक्षा सोडलीये हे सगळ्यांना माहीत होतं. सीट तेवढी सोडली नव्हती, महिना संपायचा होता.

निकिता माझ्याबरोबर उतरली. तिची मुख्य परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. "चाळीस जणांचे उसासे ऐकत बसण्यापेक्षा जिना बरा," म्हणाली.

नारायण पेठेतलं हे वाचनालय जुनं आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर कमिटीतले म्हातारे फोन करकरून डोकं खातील. वरचा मजला आता स्पर्धापरीक्षावाल्यांना दिलाय, त्यावरच वाचनालय तग धरून आहे. खाली कचेरी. कचेरीच्या मागे जुना वाचनकक्ष, त्याला कायम कुलूप. बापूराव इथे एकतीस वर्षं शिपाई होते. निवृत्त झाल्यावर जायला दुसरी जागा नव्हती म्हणून रखवालदार होऊन इथेच राहिले. खालच्या पायरीवर बसले होते, टॉर्च मांडीवर उपडा.

"मेणबत्त्या संपल्यात. बसा. गुरुवार आहे."

"गुरुवारचं काय?" निकितानं विचारलं.

"गुरुवारी लाइट जाते. आणि लाइट गेली की मी त्या बाजूला जात नाही." त्यांनी हनुवटीनं मागचं कुलूप दाखवलं.

म्हाताऱ्यांची ही खोड मला डोक्यात जाते. अर्धं वाक्य टाकायचं आणि पोरांनी 'सांगा ना, सांगा ना' म्हणायची वाट बघायची. मी म्हणालो नाही. निकिता म्हणाली.

"माझ्या ओळखीतल्या एकाची गोष्ट आहे," बापूराव म्हणाले.

यांच्या सगळ्या गोष्टी ओळखीतल्याच्याच असतात. स्वतःच्या अंगावर काही यायला नको.

तर ओळखीतला तो अभय रणपिसे. वय सत्तेचाळीस, धायरी फाट्याजवळ झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. त्याचे आजोबा सीताराम रणपिसे महसूल खात्यात कारकून लागले आणि तहसीलदार होऊन निवृत्त झाले. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो. सीतारामना एक धाकटा भाऊ होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात साधा कामगार. त्याचा फोटो कुणाकडेच नाही. बापूराव त्याला नुसतं 'धाकटा' म्हणत होते.

या धाकट्याची नात अक्षता. कॉलेजात इतिहास शिकवते, नावामागे डॉक्टर. म्हणजे बघा, तहसीलदाराचा नातू झेरॉक्स काढतो आणि कामगाराची नात डॉक्टर. हे अभयच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती. अक्षताच्या पीएचडीची पेपरात बातमी आली तेव्हा अभयच्या बापानं ती कापून लॅमिनेट करून घेतली. अभयच्याच दुकानात. पोरगा मशीनमधून चुलतबहिणीचं कौतुक सरकवतोय आणि बाप वरून सांगतोय, "बुडबुडे येऊ देऊ नकोस."

बापूराव हे सांगताना हसले. मला हसू आलं नाही. बापांना कळत नाही असं नाही. कळतं, म्हणूनच त्या दुकानात जातात.

जानेवारी चोवीसमध्ये सीतारामांची जन्मशताब्दी येत होती. घरच्यांची बैठक बसली. कार्यक्रम करायचा, बुद्धवंदना, मग भाषणं, आणि एक स्मरणिका काढायची. सगळे एका सुरात म्हणाले, अक्षता लिहील.

"आजोबा माझे आहेत," अभय म्हणाला.

सगळे त्याच्या बापाकडे बघायला लागले. शेवटी त्याचा बाप म्हणाला, "लिही. शुद्धलेखन अक्षता बघेल."

म्हणून ऑक्टोबर तेवीसमध्ये तो या वाचनालयात आला. आजोबा इथे पुस्तकं न्यायला यायचे असं त्यानं लहानपणी ऐकलं होतं, तेवढाच धागा. इथल्या ग्रंथपाल चैतालीताई तेव्हा नव्याच लागलेल्या, उत्साही. त्यांनी माळ्यावरून जुन्या देवघेवीच्या वह्या काढून दिल्या, पन्नास सालापासूनच्या. कशा बघायच्या तेही शिकवलं. एका ओळीत तारीख, कार्ड नंबर, नाव, पुस्तकाचा क्रमांक. अभयनं प्रत्येक ओळीखाली दुकानातली स्टीलची फूटपट्टी धरली आणि बोट फिरवत गेला.

तीन आठवडे. रोज दुकान बंद करून यायचा, झाकायच्या वेळेपर्यंत बसायचा.

आणि त्याला सापडलं. कार्ड नंबर ४१७, सीताराम गेनबा रणपिसे. एक्कावन्न सालापासून अडुसष्ट सालापर्यंत. अकराशे सव्वीस पुस्तकं.

"अकराशे?" निकिता म्हणाली.

"सव्वीस. मीही मोजली आहेत," बापूराव म्हणाले. "आणि ते कार्ड मिळणं सोपं नव्हतं. त्या वेळी दोन सभासदांची शिफारस लागायची. नारायण पेठेत बसून त्या वस्तीतल्या पोराची शिफारस कोण करणार? एका मास्तरांनी केली आणि मेव्हण्याच्या मानेवर बसून त्यालाही करायला लावली. त्यात कमिटीचा ठराव, असल्या शिफारशीवर एका घराला एकच कार्ड. थोरल्याच्या नावावर झालं."

अभयनं वहीच्या पानाचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "माझे आजोबा. ११२६ पुस्तकं." ग्रुपवर अंगठे, हात जोडलेले, फुलं. अक्षतानं लिहिलं, "अभयदादा, हे फार मोठं काम केलंस." दुसऱ्या दिवशी बाप दुकानात आला. काही काम नव्हतं. गिऱ्हाइकांसमोर पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "शाब्बास."

सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

इथे बापूरावांनी तंबाखू काढली, मळली आणि तशीच परत पुडीत टाकली.

"पुढे?" निकिता.

"पुढे त्यानं आजोबांच्या नोकरीचं प्रकरण लिहायला घेतलं. बदल्यांची यादी काढली. त्रेपन्नला धुळे. सत्तावन्नला बीड. एकसष्टला सोलापूर. पुण्यात परत आले ते एकोणसत्तरला."

मी मनात हिशेब केला. निकितानं माझ्याआधी केला. "मग पुस्तकं कोण नेत होतं?"

"तेच. दर दुसऱ्या गुरुवारी, न चुकता, संध्याकाळी, एका वेळी दोन-तीन. आता धुळ्याचा कारकून त्या काळी पंधरा दिवसांनी पुण्याला येऊन पुस्तक बदलून जाणार का? अभय पुन्हा वह्या घेऊन बसला. आणि या खेपेला त्यानं फूटपट्टी उचलली. पानाच्या अगदी कडेला अजून एक रकाना होता. तीन आठवडे त्याच्यावर पट्टीचं टोक ठेवलेलं होतं त्यानं."

"कसला रकाना?"

"हस्ते. कार्ड एकाचं आणि पुस्तक न्यायला दुसराच आला, तर कोणाच्या हाती दिलं ते तिथे लिहायचं. बायको, मुलगा, गडी. आमची जुनी पद्धत. ४१७ पुढे प्रत्येक ओळीला लिहिलेलं होतं, 'ह. भाऊ'. बावन्न सालापासून. ह. भाऊ, ह. भाऊ, ह. भाऊ. छप्पनच्या ऑक्टोबरात एक खेप चुकलेली, सगळं घर नागपूरला गेलेलं. आल्यावर पहिल्या गुरुवारी पुन्हा... ह. भाऊ."

"नाव नाही?"

"नाव कारकून लिहीत नसत. कार्ड त्याचं नव्हतं ना."

म्हणजे कारखान्यातून सुटून, धुतलेला जेवणाचा डबा हातात घेऊन, हा माणूस खिडकीशी येऊन उभा राहायचा. सोळा वर्षं. अकराशेच्या आसपास पुस्तकं त्यानं वाचली आणि वहीत त्याचं नाव एकदाही नाही. सगळी तहसीलदाराच्या खात्यावर. खिडकीआडच्या कुठल्याही शहाण्याला एवढ्या वर्षांत 'तुमचं नाव काय हो' विचारावंसं वाटलं नाही. आणि हेच लोक भिंतीवर 'वाचाल तर वाचाल' लावतात.

मला वाटलं होतं की अभय हे बघून चकित झाला असेल, हळहळला असेल. बापूराव म्हणाले, तसं काही नाही. तो एकच वाक्य म्हणाला. "म्हणजे हेपण त्यांच्याच घरात गेलं."

डॉक्टरकी तिकडे. कौतुक तिकडे. आता अकराशे पुस्तकंही तिकडे. आणि ती पाठीवरची थाप... तीही बाप परत घेणार. घेऊन तिकडे देणार. बातमी कापून, लॅमिनेट करून.

मला अभयचा राग यायला हवा होता. पण आमच्याबरोबर बसणारा एकजण गेल्या वर्षी पीएसआय झाला, चौकात त्याचा फ्लेक्स लागला आणि माझा बाप तो बघायला मुद्दाम रिक्षानं गेला होता.

"एकवीस डिसेंबर, दोन हजार तेवीस," बापूराव म्हणाले. "गुरुवार. सकाळी गेलेली लाइट संध्याकाळ झाली तरी आली नव्हती. साडेसहाला चैतालीताई निघाल्या. जाताना अभयला सहज सांगून गेल्या, 'उद्या अक्षता मॅडम येणार आहेत बरं का. त्यांना मूळ वह्यांचे फोटो हवेत, स्मरणिकेत छापायला.' बाईंचं काही चुकलं नाही. त्यांना कुठे काय माहीत? पण अभयचा चेहरा... तो दुकानात गेला आणि साडेसातला परत आला. हातात पिशवी. रखवालदाराला म्हणाला, अर्धा तास वह्यांच्या खोलीत बसू द्या. किल्ली द्या."

"कोणत्या रखवालदाराला?" मी विचारलं.

"रखवालदाराला."

"म्हणजे तुम्हाला."

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "रखवालदाराला," ते पुन्हा म्हणाले. "त्यानं किल्ली दिली आणि तो कोपऱ्यावर चहाला गेला."

पिशवीत पेपर कटर होता. बॅटरीवरचा एक छोटा दिवा होता. फूटपट्टी होतीच.

अभयचा बेत झेरॉक्सवाल्याचा होता. पानं फाडली तर कळतं. पण रकाना कडेला आहे. पट्टी लावून दोन बोटं रुंदीची कड कापली की 'हस्ते' गेलं. बाकी तारीख, नंबर, नाव जसंच्या तसं. जुन्या वह्यांच्या कडा कुरतडलेल्या असतातच. कोण विचारतंय.

वह्यांची खोली म्हणजे जुनी देवघेवीची खोली. तिच्यात आणि मागच्या वाचनकक्षात एक खिडकी आहे, खाली-वर सरकणारी लाकडी झडप असलेली. पूर्वी वाचक पलीकडून चिठ्ठी द्यायचा, कारकून अलीकडून पुस्तक. आता पलीकडे कुणी जात नाही. मोडकी टेबलं, बांधलेले पेपर, बाहेरून कुलूप.

अभय कारकुनाच्या जागी बसला. दिवा लावला. सात चाळीस.

पट्टी लावली. कटर ओढला. खर्र...

पहिली पट्टी खाली पडली.

दुसरं पान. खर्र...

"काम सोपं होतं," बापूराव म्हणाले. आवाज खाली आला होता त्यांचा. "दहा पानं झाली. पंधरा. मग त्याच्या लक्षात आलं, तो एक पान कापतो... आणि पलीकडे कुणीतरी एक पान उलटतं."

निकिता माझ्या बाजूला सरकली.

"आधी त्याला वाटलं, आपल्याच हातचा आवाज. तो थांबला. कटर वर धरून. पलीकडे... शांत. मग पान उलटलं. सावकाश. वाचून झाल्यावर उलटतात तसं. घाई नाही."

"तुम्हीच असाल," मी म्हणालो. "म्हणजे रखवालदार."

"तेच वाटलं त्याला. 'काका, झालंच माझं,' तो म्हणाला. पान उलटलं. त्याला रखवालदाराचा राग आला. अंधारात काय वाचतोय हा माणूस? ...आणि मग त्याला तेच कळलं. अंधारात. पलीकडे दिवा नव्हता. झडपेच्या फटीतून उजेड यायला हवा होता. फट काळी होती."

वर कुणीतरी खुर्ची सरकवली. आम्ही तिघंही दचकलो. बापूरावसुद्धा. ते नाटक नव्हतं.

"उठून जायचं ना मग," निकिता म्हणाली.

"तोही हाच विचार करत होता. पण अजून बारा सालांच्या नोंदी राहिल्या होत्या. आणि उद्या ती येणार होती. भीती होती... पण पोटातलं दुसरं काहीतरी भीतीपेक्षा मोठं होतं, पोरी. त्यानं पट्टी लावली. खर्र. पान उलटलं. खर्र. पान. दोघं... बरोबर चालले होते. छप्पन. सत्तावन्न. साठ. त्याचा हात ओला झालेला, कटर निसटतोय. चौसष्ट. सहासष्ट. शेवटचं पान आलं. त्यानं कापलं.

पलीकडे पुस्तक मिटलं.

खुर्ची मागे सरकली. पावलं नाहीत. नुसती... जवळ आल्यासारखी हवा. मग झडपेवर.

टक.

टक.

घाईनं नाही. कारकुनाला हाक मारायची नसते, रागावतात, हे माहीत असलेला माणूस वाजवतो तसं."

बापूराव थांबले. या खेपेला आम्ही 'सांगा ना' म्हणालो नाही.

"झडप वीतभर वर गेली. पलीकडून पुस्तक सरकत आलं. जाड. पाठीवरची अक्षरं झिजलेली. पुस्तकावर बोटं. तेवढीच दिसत होती... बोटं. पिवळी. हळद लागल्यासारखी. कारखान्यात दारूगोळा भरणाऱ्यांची व्हायची तशी. ती घासून जात नाहीत.

अभय दुकानदार. दिवसातून शंभर वेळा तोंडातून जातं ते गेलं. 'नाव?'

...

पलीकडून काही नाही.

...

बोटं हलली नाहीत. पुस्तकावर तशीच. तो माणूस वाट बघत होता. सोळा वर्षांत त्याला ते कुणी विचारलंच नव्हतं ना. आणि अभयला ते माहीत होतं. नाव त्याला माहीत होतं. वही समोर उघडी. पेन हातात. एक ओळ. एक ओळ लिहायची फक्त..."

"लिहिलं?" निकितानं विचारलं.

"लिहिलं. ४१७." बापूराव म्हणाले. "सीताराम गेनबा रणपिसे."

मला शिवी आली. दिली. बापूरावांनी हरकत घेतली नाही.

"घाबरलेला माणूस खरं बोलतो म्हणतात. काही नाही तसं. पँट ओली झाली होती त्याची... आणि तरी सीतारामच लिहिलं. लिहून झाल्यावर सवयीनं पुढे कडेला गेला, आणि पेनाला कागदच नव्हता. रकाना त्यानंच कापलेला. आता 'भाऊ' लिहायलाही जागा नव्हती.

बोटांनी पुस्तक ओढून घेतलं. हळूच. झडप खाली आली. रखवालदार परत आला तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं. अभय या इथे, या पायरीवर ओकत होता, ओकता ओकता हे सगळं सांगत होता. पण पट्ट्या बरोबर घेऊन गेला. एकही विसरला नाही."

शुक्रवारी अक्षता आली. वह्या बघितल्या. रखवालदाराला विचारलं, "काका, या कडा कशानं गेल्या?"

"उंदरांनी," रखवालदार म्हणाला.

"अस्सं. उंदीर फूटपट्टी लावून कुरतडतात का हो हल्ली?"

तेवढंच म्हणाली. फोटो न काढता गेली. सात जानेवारीला, रविवारी, धायरीतल्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. स्मरणिका निघाली, आत पानभर अकराशे सव्वीस पुस्तकं. अभयच्या बापानं व्यासपीठावरून सांगितलं की वाचन आमच्या घराच्या रक्तातच आहे. अक्षता तिसऱ्या रांगेत होती. टाळ्या वाजवल्या म्हणे.

"आणि अभय?"

"चांगलंय त्याचं. बाप रोज दुकानात येऊन बसतो आता. फक्त गुरुवारी अभय सात वाजता शटर ओढतो. आणि गिऱ्हाइकाला नाव विचारत नाही. ऑर्डरवर नंबर टाकतो."

गोष्ट संपली असं बापूरावांनी तोंड पुसून दाखवलं. मी उठलो नाही.

"तुम्ही अक्षता मॅडमना खरं का नाही सांगितलंत?"

"मी कशाला मधे पडू? घरातलं त्यांच्या."

"किल्ली देताना नाही वाटलं घरातलं?"

"ए, जपून बोल," बापूराव म्हणाले. मग आवाज उतरला त्यांचा. टॉर्च मांडीवरून उचलला, परत ठेवला. "एकतीस वर्षं मी इथे पुस्तकं झटकली. उचलली, लावली, बांधायला नेली. चौथीच्या पुढे शाळा नाही. कमिटीची माणसं म्हणायची, बापू, तू काय, पुस्तकांतच राहतोस. मी एकही वाचलेलं नाही. एकसुद्धा नाही. आणि हा... आठ तास दारूगोळा भरून यायचा माणूस. अकराशे. रकाना सापडला त्या दिवशी अभयनं तो मलाच दाखवला होता. आणि मला वाटलं..." ते थांबले. "कापतोय तर कापू दे, असं वाटलं."

अशा वेळी म्हाताऱ्यांची कीव करायची असते. मला नाही आली. सत्तरीला आलेला माणूस मेलेल्या माणसावर जळतो आणि वर ती गोष्ट भुताची म्हणून पोरांना सांगतो.

निकिता मात्र वेगळंच काहीतरी घोळवत होती. "काका," ती म्हणाली, "तुम्हीपण मघापासून धाकटाच म्हणताय."

"मग?"

"नाव काय त्यांचं?"

बापूरावांनी टॉर्चचं बटण चाचपलं.

"तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग सांगा की."

रस्त्यावरून एक दुचाकी गेली. दिव्याचा पट्टा भिंतीवरून सरकला, कुलपावर आला, गेला. बापूरावांचे ओठ दोनदा हलले. मला वाटलं, हा म्हातारा हेही पोटात घेऊन मरणार.

"शंभू," ते म्हणाले. मग मान वळवून, आमच्याकडे नाही, कुलपाकडे. जरा मोठ्यानं. "शंभू गेनबा रणपिसे."

काही झालं नाही. लाइट आली नाही, दार वाजलं नाही. निकितानं श्वास सोडला. मला राग आला होता आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"नको रे."

"एकदा वह्यांच्या खोलीची देऊन झालीये ना? आता हिची द्या."

त्यांनी दिली.

कुलूप गंजलेलं, तरी उघडलं. आत मोबाइलच्या उजेडात धूळ इतकी जाड होती की टेबलांचा रंग कळत नव्हता. जमिनीवर माझ्याखेरीज कुणाची पावलं नव्हती, हे मी मागे वळून दोनदा बघितलं. समोर खिडकी. झडप बंद. तिच्याखाली वाचकांसाठी एक लाकडी फळी आहे, हात टेकायला.

फळीवरच्या धुळीत दोन कोपरांच्या जागा होत्या. स्वच्छ. खूप वेळ टेकून उभं राहिल्यावर पडतात तशा. आणि दोन्हींच्या मधे, जेवणाच्या डब्याच्या बुडाएवढं, एक ओलं गोल वर्तुळ.

मी बोट टेकवलं.

गरम होतं.